दाजींचं गेट आणि ताईचे कान

इंदूरला मी भांडायला गेले होते. पोहे-जलेबी, राजवाडा, खजराना हे सगळं ओघाने आलं, पण धुळ्याच्या स्टँडवर गाडीत बसले तेव्हा मनात फक्त भांडण होतं. माझ्या मुलाच्या लग्नाला माझी सख्खी थोरली बहीण आली नाही. पत्रिका वेळेवर गेली होती. वर मी एसटीडी बूथवर रांगेत उभी राहून तिच्या शेजाऱ्यांकडे फोन केला. "नाही जमणार गं बेबी," एवढं बोलून तिने फोन ठेवला. मांडवात जो तो विचारत होता, मुलाची मावशी कुठेय? मी आपली हसून वेळ मारून नेत होते. लग्न पार पडलं, सून घरात रुळली, थंडी पडली, तरी माझा राग काही उतरेना. शेवटी बालवाडीला सुट्टी टाकली आणि निघाले. बालवाडीची बाई आहे मी. रागवायचं कसं हे मला कोणी शिकवायला नको.

ज्यांनी हा रस्ता पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. शिरपूर मागे पडलं की डोंगर पुढ्यात येतात. घाटात बिजासनी मातेच्या देवळापाशी ड्रायव्हर गाडी हळू करतो आणि लोक खिडकीतून नाणी टाकतात. सेंधव्याला चहा प्यायलात की समजायचं, महाराष्ट्र संपला. साखरच इतकी की चमचा उभा राहावा. पुढे खलघाटाला नर्मदा. गाडीतल्या सगळ्यांनी एकदम "नर्मदे हर" म्हटलं, मीही म्हटलं आणि रागातच एक नाणं टाकलं. मग मानपूरचा घाट चढला की हवा बदलते. धुळ्याच्या माणसाला ती गारठ्याची हवा नाकाला झोंबते, पण बरी वाटते.

ताईचं लग्न झालं तेव्हा मी शाळेत होते. दाजी इंदूरच्या एका कापड गिरणीत विणकर होते, आणि त्या काळी गिरणीतला जावई म्हणजे आमच्या वडिलांना लॉटरी लागल्यासारखं वाटलं होतं. पगार, क्वार्टर, बीमा अस्पतालात फुकट औषधपाणी, दिवाळीला बोनस. मे महिन्यात मी त्यांच्याकडे राहायला जायची. तिथली एक गोष्ट मला फार नवलाची वाटे. ती सगळी गल्ली हातांनी बोलायची.

लूमखात्यात मागांचा आवाज एवढा, की शेजारच्याच्या कानाशी ओरडलं तरी ऐकू जात नसे. म्हणून विणकरांनी आपल्या खुणा केल्या होत्या. अंगठा ओठांशी नेला की चहा. मिशीला पीळ दिला की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, येतोय. दोन्ही तळवे खाली दाबले की माग बंद कर. ही भाषा कामावरून त्यांच्याबरोबर घरी आली होती. संध्याकाळी या ओट्यावरचा माणूस त्या ओट्यावरच्या माणसाला हातांनी काही सांगे आणि दोघं खो खो हसत. बायकाही शिकल्या होत्या. ताई चुलीपाशी बसून दाजींना एका बोटाने बाजारातून काय आणायचं ते सांगे. मला वाटायचं, हे लोक अबोला धरून बसलेत की काय.

गिरणी बंद पडून आता बरीच वर्षं झाली. दाजींनी पुढे चौकीदारी धरली एवढं मला ठाऊक होतं.

क्वार्टरला कुलूप होतं. शेजारच्या भाभी म्हणाल्या, "दोघंही ड्यूटीवर गेले न. गेटवरच भेटतील तुम्हाला."

"दोघंही?" मी विचारलं. त्यांनी हातानेच 'जाऊन बघा' असं केलं.

रिक्षा करून गेले. शहर ओळखू येत नव्हतं. जिथे बोरांच्या बागा होत्या तिथे नव्या इमारती, गच्चीगच्चीवर टीव्हीच्या छत्र्या, चकाचक गाड्यांची दुकानं. एका मोठ्या इमारतीच्या फाटकापाशी निळ्या गणवेशात दाजी उभे होते. गणवेश खांद्यांवर ढगळ होता. शेजारच्या केबिनमध्ये स्टुलावर ताई बसली होती, मांडीवर साडी, हातात सुई, फॉल लावत. मी हाक मारणार एवढ्यात मागून एक गाडी आली आणि तिने हॉर्न दिला. दाजी दुसरीकडेच बघत होते. ताईने साडीवरची नजर न उचलता हात लांब केला आणि त्यांच्या खांद्यावर थापटलं. दाजी वळले, कडी सरकवली, फाटक उघडलं, सलाम केला.

"अरे बेबी! तू कशी काय येऊन गेली? चिठ्ठी नाही, फोन नाही!" ताईने मला मिठी मारली. मी मिठीतच विचारलं, "लग्नाला का नाही आलीस?" घरून निघताना केवढं मोठं भाषण जुळवलं होतं, त्यातलं एवढंच तोंडातून निघालं.

ताईने आधी इकडेतिकडे बघितलं. "ह्यांना ऐकू नाही येत, बेबी. बिल्कुलच नाही. आणि इथे कोणालाच पता नाही."

"आणि कामावर ठेवणाऱ्या ठेकेदाराला?"

"तो एवढंच पूछला, बीडी-दारू पीते हो क्या? हे म्हणाले, नाही. कान चालतात का, हे कोण पूछतं?"

गिरणीत असताना दाजींचे कान गेल्याचं कुणालाच कळलं नव्हतं, खुद्द दाजींनासुद्धा. खात्यात सगळेच तसे. हात होते, ओठ वाचता येत होते, कानांवाचून कुणाचं अडत नव्हतं. गिरणी बंद झाली आणि माणसं बाहेरच्या कामांना लागली तेव्हा उमगलं, की बाहेर प्रत्येक कामाला कान लागतात. दुकानात गिऱ्हाईक बोलतं ते ऐकावं लागतं, गोदामात मुकादम ओरडतो ते ऐकावं लागतं. दाजी एकेका कामावरून परत आले. कानाच्या मशीनसाठी बीमा अस्पतालात गेले, तर खिडकीवरच्याने विचारलं, मिल चालू आहे का? नाही म्हटल्यावर कार्ड परत सरकवलं. गिरणीत कान गेले, आणि गिरणी नाही म्हणून औषध नाही. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा.

मग ही चौकीदारी मिळाली आणि ताई त्यांचे कान होऊन गेटवर बसू लागली. इमारतीतल्या बायकांना वाटे, काय प्रेम आहे म्हातारा-म्हातारीचं! त्याच बायका आणि राजवाड्याजवळची दुकानं तिला फॉल लावायला साड्या देत. एक दिवस खाडा झाला की ठेकेदार दुसरा माणूस आणणार, म्हणून दाजींना सुट्टी नाही, आणि दाजींना नाही म्हणून ताईला नाही. माझं भांडण तिथेच विरलं. मी तिच्या हातातली साडी ओढून घेतली आणि दुसऱ्या टोकाकडून फॉल लावायला बसले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. रविवारी दुपारपर्यंत गेटवर बदली माणूस असतो. ताई शिवून झालेल्या साड्या राजवाड्याजवळच्या दुकानांत पोहोचवायला गेली. मला दाजी म्हणाले, "चल, तुला पोहे खिलवतो." ऐकू न येणाऱ्या माणसाचा असतो तसा त्यांचा आवाज सपाट आणि मोठा. गाडीवर वाफेवरचे पोहे, वर शेव, वर जिरावण नावाचा मसाला, आणि शेजारी गरम जलेबी. सकाळी सकाळी तिखटाबरोबर गोड! आमच्या खानदेशात असं कुणी वाढलं तर सासू विचारेल, ताप आलाय का? पण मी दोन प्लेटी खाल्ल्या.

तिथून आम्ही गिरणीच्या फाटकाशी गेलो. जुने कामगार अजून दर रविवारी तिथे जमतात. गिरणीकडे थकलेल्या देण्यांचा खटला चालू आहे, त्याची खबर सांगतात. फाटकाला गंजकं कुलूप, आत पिंपळ माजलेला, चिमणी तेवढी उभी. एक पुढारी माईकवर बोलत होता, "साथियो, अगली तारीख पर..." आणि त्याच्या शेजारी एक म्हातारा विणकर उभा राहून ते सगळं हातांनी सांगत होता. समोर बसलेल्यांतले निम्मे पुढाऱ्याकडे बघतच नव्हते. ते त्या हातांकडे बघत होते.

परतताना मी दाजींना थांबवलं आणि त्यांना ओठ दिसतील असं हळू बोलत विचारलं, "शेवटच्या दिवशी काय झालं होतं हो?"

"काही नाही झालं," दाजी म्हणाले. "जॉबर आला, खात्याच्या तोंडाशी उभा राहिला, आणि असं केलं." त्यांनी दोन्ही तळवे खाली दाबले. "पहिल्या लाइनवाल्याने बघितलं, त्याने पलटून मागच्याला केलं. मागच्याने त्याच्या मागच्याला. मी पण केलं. रोजचंच होतं ते, पाळी सुटायची तेव्हाचं. आम्ही माग बंद केले, डबे उचलले, घरी आलो. आम्हाला काय मालूम, की हे हमेशासाठी आहे."

सोमवारी इमारतीत तारा ओढायला माणसं आली. प्रत्येक घरात इंटरकॉम बसणार होता आणि एक फोन गेटवर. सोसायटीचे सेक्रेटरी निवृत्त बँकवाले, बोलायला गोड. "अंकलजी, अब घंटी बजे तो आप उठाना," असं सांगून गेले. ताईचा चेहरा पांढरा पडला. हॉर्न वाजला तर खांद्यावर थापटता येतं. फोनमध्ये जे बोलतील ते दाजींच्या कानात कसं घालायचं?

तिने मला खजरान्याला पाठवलं. खजरान्याच्या गणपतीची तिथली रीत अशी, की नवस बोलताना देवळाच्या मागच्या भिंतीवर उलटं स्वस्तिक काढायचं, आणि इच्छा पुरी झाली की येऊन सरळ काढायचं. "गिरणी चालू होवो म्हणून माझं एक आहे तिथे, उलटंच राहिलं," ताई म्हणाली. "त्याच्या बगलमध्ये अजून एक काढून ये. म्हणावं, ही नौकरी राहू दे." गेले. हार-नारळांची दुकानं ओलांडून, दर्शन घेऊन मागे आले तर भिंत शेंदुराने भरलेली. ताईचं त्यातलं कुठलं, ते देवालाच ठाऊक. मी एका कोपऱ्यात उलटं स्वस्तिक काढलं आणि हात जोडले.

संध्याकाळी घरी तालीम झाली. ठरलं असं, की दाजींनी रिसीव्हर थोडा कानापासून लांब धरायचा, ताईने डोकं जवळ नेऊन ऐकायचं आणि बोटांनी सांगायचं, दाजींनी उत्तर द्यायचं. रिसीव्हर म्हणून डाव घेतला. मी आतल्या खोलीतून निरनिराळ्या आवाजांत बोलत होते, "चौकीदार, दूधवाला आया क्या?" दुधासाठीही चहाचीच खूण, ताईने अंगठा ओठांशी नेला की दाजी म्हणत, "हां जी, भेजता हूं!" सेक्रेटरीसाठी खूण शोधायला वेळच लागला नाही. दोघांनी एकदमच मिशीला पीळ दिला. सेक्रेटरीला मिशी नव्हती, त्यामुळे आम्ही तिघं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. मग गराडू तळले, कंदाच्या त्या खरपूस फोडी खात बसलो. त्या घरात मी ऐकलेलं ते शेवटचं हसू.

दुसऱ्या दिवशी घंट्या सुरू झाल्या. एक, दोन, तीन झकास निघाल्या. ताई थापटे, दाजी उचलत, डोकी जवळ येत, बोटं हलत. मी समोरच्या कट्ट्यावर बसून देवाचं नाव घेत होते. मग पुन्हा घंटी झाली आणि दाजींनी फोन उचलला, तेवढ्यात सेक्रेटरी स्वतः जिना उतरून केबिनच्या दाराशी आले. आणि ताईने तेच केलं जे तिने आयुष्यभर मोठ्या माणसांसमोर केलं होतं. डोक्यावर पदर ओढला आणि दोन पावलं मागे सरून भिंतीशी उभी राहिली.

दाजी एकटे पडले. कानाशी रिसीव्हर धरून ते अंदाजाने म्हणाले, "हां जी. हां जी, हो गया."

वरून सेक्रेटरींच्या बायकोने विचारलं होतं, पाण्याची मोटर बंद केली का? थोड्या वेळाने गच्चीवरच्या टाकीतून पाणी ओसंडून पुढच्या भिंतीवरून धो धो खाली आलं. दाजी तोवर पाठ करून फाटकाशी उभे होते.

"अंकलजी," सेक्रेटरी म्हणाले. "अंकलजी!" मग टाळी वाजवली. दाजी हलले नाहीत. ताईचा हात त्यांच्या खांद्याकडे निघाला आणि सेक्रेटरी बघतायत म्हणून मधेच थांबला. तो थांबलेला हात सेक्रेटरींनी पाहिला आणि त्यांना सगळं समजलं.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं. ते हळहळले. संध्याकाळी ठेकेदाराशी बोलून आले आणि ताईला म्हणाले, "भाभीजी, सेफ्टी का सवाल है. अंकलजी को तो नहीं रख सकते. लेकिन आप बैठ जाओ ना. वैसे भी आप ही तो सुनती थीं." मग जरा अडखळून म्हणाले, "बस, लेडीज का रेट थोड़ा कम रहता है."

मी तोंड उघडलं. दोन माणसांचं काम एका पगारात करून घेतलंत, आता त्या एकाचाही पगार कापता? पण ताईने माझा हात दाबला. तिने दाजींकडे बघून हातांनी सगळं सांगितलं, कमी पगारासकट. मग दाजींनी गळ्यातली शिट्टी काढली, ताईच्या गळ्यात घातली, आणि मिशीला पीळ दिला. "आता तू जॉबर," ते मोठ्याने म्हणाले. ताई हसली नाही. मी कट्ट्यावर जाऊन पदरात तोंड घालून रडले.

रात्री जेवताना ताई म्हणाली, "बेबी, जाण्याआधी खजरान्याला होऊन ये. ते स्वस्तिक सरळ करून टाक."

"सरळ? अगं, नवस फळला कुठे?"

"नौकरी राहू दे, असंच म्हटलं होतं न आपण? नौकरी तर राहिली." ती ताटाकडेच बघत होती. "देवाचं उधार नको."

गेले. माझं उलटं स्वस्तिक सापडलं. त्याच्याशेजारी सरळ काढलं. हात मात्र जोडवेनात, तशीच परतले.

निघायच्या दिवशी ताईने दाजींची पिशवी भरून ठेवली होती. "ह्यांना घेऊन जा. आता ह्यांना सुट्टीच आहे. घरी एकटे बसले तर पागल होऊन जातील. नवी सून बघतील, चार दिवस मन लागेल." हे सगळं पाहून जिला चार दिवस माहेरी न्यायचं माझ्या मनात आलं होतं तिला गेटवर सोडून मी तिच्या नवऱ्याला घेऊन निघाले. रिक्षा वळेपर्यंत ताई फाटकात उभी होती, साडीवर गळ्यात शिट्टी. दाजींनी हातांनी काहीतरी सांगितलं. ती उत्तर द्यायला हात उचलत होती, तेवढ्यात हॉर्न वाजला आणि ती फाटकाकडे वळली.

गाडीत दाजी खिडकीपाशी बसले. मी काही बोलले की ओठांकडे बघत, हसत, आणि पुन्हा बाहेर बघत. मला त्यांच्या तीन-चारच खुणा येत होत्या. आमच्या घरात तर कुणालाच येत नाहीत. हा माणूस धुळ्यात कुणाशी बोलणार, हे माझ्या लक्षात यायला उशीर झाला होता. मानपूरचा घाट आला तोवर त्यांना डुलकी लागली. वळणावळणावर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, त्यांना त्याचं काही नव्हतं. एका वळणावर त्याने कचकन ब्रेक दाबला, माझा तोल गेला आणि माझा हात त्यांच्या खांद्यावर पडला.

दाजी ताडकन उभे राहिले. डोळे अर्धवट मिटलेले. डाव्या हाताने हवेत कडी सरकवली, उजवा हात कपाळाशी नेला, आणि तसेच उभे राहिले. गाडीत कोणीतरी फिसकन हसलं. कंडक्टर ओरडला, "बाबा, बसून घ्या, घाट आहे!" मी म्हणाले, "बसा दाजी, बसा." बालवाडीतला माझा तो मोठा आवाज तिथे काही उपयोगाचा नव्हता. मग मी त्यांच्या तोंडासमोर हात धरले आणि दोन्ही तळवे खाली दाबले.

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं आणि मान हलवली. मग खाली बसण्याआधी ते वळले आणि मागच्या सीटवरच्या माणसाला तशीच खूण केली.